सहाव्या दिवसाचा स्वयंपाक
(वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंब-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



या महोत्सवात मंदिराची वेदी, घंटा आणि पूर्वजांचे श्रम यांविषयी पुष्कळ बोलून झाले. आज आम्ही चुलीविषयी बोलणार आहोत. ज्याने जन्मात भाकरी थापली नाही त्याने स्वयंपाकाविषयी बोलू नये, असे आमच्या भगिनींस वाटल्यास ते खोटे नव्हे. परंतु या विषयात आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असता, एका रविवारी दुपारी आम्ही न कळविता एका घरी गेलो. घरच्या माउलीने "बसा, फादर" म्हटले व ती आत गेली. कोंबडी शिजली, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. दोन तास आम्ही घरधन्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करीत बसलो, जेवलो, आशीर्वाद देऊन निघालो. ती दाराशी उभी राहून काही बोलू पाहत होती. आम्हांस घाई होती. पुढे कळले की, तिचा थोरला मुलगा भांडून घर सोडून गेला होता आणि तिला आमच्याशी तेवढेच बोलावयाचे होते.

पवित्र शास्त्रात अब्राहामाच्या आतिथ्याची कथा आहे. तीन पाहुणे दिसताच तो तंबूत धावला आणि तीन मापे सपीठ लवकर मळ, असे साराला म्हणाला. जेवणाच्या वेळी पाहुण्यांजवळ झाडाखाली उभा राहिला तो अब्राहाम. सारा तंबूच्या दारामागून ऐकत होती. आमच्या घरांतील कितीतरी सारा अजून दारामागेच आहेत. मार्थेस आपण सहज नावे ठेवतो. पण मरीया प्रभूच्या चरणांशी बसली असता इतर कोणी चुलीकडे पाहिले काय, हे कोणी विचारीत नाही.

याउलट निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची व्यवस्था पाहा. रोज माणशी एक ओमर गोळा करावयाचा. सहाव्या दिवशी मात्र दोन. भाजावयाचे ते त्याच दिवशी भाजावे, शिजवावयाचे ते शिजवावे आणि उरलेले सकाळसाठी ठेवावे. इतर दिवशी ठेवलेल्यात किडे पडले, यात पडले नाहीत. परमेश्वराने इस्राएलास विसावा दिला, तेव्हा आदल्या दिवसाचा स्वयंपाकही नेमून दिला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२४७ वे कलम रविवारच्या मिस्साबरोबर मनाचा व शरीराचा विसावाही सांगते. त्यातून गृहिणीस वगळलेले नाही.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी जो नियम लिहिला, त्याच्या ३५ व्या प्रकरणात स्वयंपाकाची पाळी आठवड्याची आहे; मठवासी बंधूंनी आळीपाळीने एकमेकांची सेवा करावी. वाढणाऱ्यांनी कुरकुरावे लागू नये म्हणून जेवणापूर्वी तासभर त्यांस थोडी भाकरी व पेय जादा द्यावे, इतका बारीक विचार त्यात आहे. ५३ व्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावयास सांगितले आहे. पण पाहुणे अवेळी येतात, म्हणून त्यांच्यासाठी निराळे स्वयंपाकघर व वर्षभरासाठी नेमलेले दोन बंधू अशी सोयही आहे.

आपल्याकडे हे नवे नाही. आमच्या आज्या उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून भरून ठेवीत आणि होड्या बंद होण्यापूर्वी सुके बोंबील, सुकट, सोडे डब्यांत बंद करीत. त्या पावसाळ्याचे चार महिने आधी पाहत. आपल्यास, सकाळच्या लोकलच्या धावपळीत, आठवडाही दिसत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण म्हणूनच तो लिहून ठेवावा लागतो.

शुक्रवारी रात्री जपमाळेनंतर सर्वांनी दहा मिनिटे बसावे. कोणत्या वारी भाजी, कोणत्या वारी कालवण, बाजार कोणी करावा, हे ठरवावे. शनिवारी रविवारचेही शिजवावे. इंद्याल तर शिरक्यामुळे दुसऱ्या दिवशी अधिकच मुरते. निवाल्यावर फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे झाले. रविवारी भात तेवढा लावावयाचा, आणि तो लावण्यास पुरुषास कोणतीही दीक्षा लागत नाही. (येथे काही पुरुष हसत आहेत, त्यांच्या घरी आम्ही आधी येऊ.) आठवड्यातील एक वार मुद्दाम रिकामा ठेवावा. त्या रात्री पेज, भाजलेला बोंबील, लोणचे. आजारी शेजारणीकडे जावयाचे असेल, कोणी एकटा म्हातारा जेवावयास बोलवावयाचा असेल, तर त्याच दिवशी. त्यास पेज वाढण्यात संकोच कसला? त्यास घरात कोणी बोलणारे नसते, पेज मात्र असते.

एका भगिनीने आम्हांस विचारले, "फादर, पाहुण्यास शिळे कसे वाढावे?" लाज वाटते हे खरे, आणि ती लाज आम्हीच, पाहुण्यांनीच, घरोघर वाढविली आहे. ताट भरले नाही तर मान राखला नाही, असे आम्ही आमच्या वागण्याने शिकविले.

येत्या आगमनकाळात आम्ही घरभेटी सुरू करणार आहोत. वाडीनिहाय दिवस आदल्या रविवारी मिस्सानंतर कळविले जातील. आमच्यासाठी कोणी कोंबडी कापू नये. चहा चालेल; तो घरातील मुलाने करावा, आणि त्याच्या आईने आमच्यासमोर खुर्चीवर बसावे.