पोलिसांचा कॅमेरा आणि कळीचा ताबा

पोलिसाच्या छातीवर किंवा गस्तीच्या वाहनावर कॅमेरा बसविणे हा खरेदीचा विषय आहे. तो केव्हा सुरू असावा, चित्रण किती काळ जपावे आणि ते कोणाला पाहता यावे, हा कायद्याचा विषय आहे. निविदा पहिल्यासाठी निघतात. दुसरा मागे राहतो.

पोलीस ठाण्यांपुरते उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात दिले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा येथे ध्वनीसह चित्रण व्हावे. ते शक्यतो १८ महिने, आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाहून कमी नाही, जतन व्हावे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीची. मार खाल्लेल्या माणसाला तक्रारीचे धैर्य यायलाच कित्येकदा महिने लागतात, हे लक्षात घेतले की या मुदतीचे मोल कळते. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तावरून न्यायालयाला कार्यरत कॅमेऱ्यांच्या अभावाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक करते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्यास सांगते. मुद्रण पोलिसांच्या ताब्याबाहेर जाते, हे या तरतुदीचे मर्म. रस्त्यावरचा लाठीमार किंवा एखाद्याला वाहनात घालून नेणे मात्र या कलमात बसत नाही, आणि अंगावरील कॅमेऱ्याची कळ शिपायाच्याच बोटाखाली असते. चित्रणातील प्रत्येक खंडाचा लेखी खुलासा सक्तीचा झाला, आणि समाधानकारक खुलासा नसल्यास संशयाचा भार पोलिसांवर पडला, तर बॅटरी संपल्याची सबब महाग पडू लागेल.