तुरुंगातल्या शिपायासाठी रजेची सावड

(सोलापूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



पेरणीच्या दिवसांत एकट्याचे बैल पुरत नाहीत, तेव्हा आपण सावड करतो. आज तुझे शेत, उद्या माझे. ही सावड कुळवाला चालते, तर कायदा करण्याच्या कामाला का चालू नये, एवढेच मला आज विचारावयाचे आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तुरुंगाच्या शिपायांचा संघ आहे. तेथे शिपाई आपल्या शिल्लक रजेतले काही तास संघाच्या खात्यावर टाकतात. त्या तासांवर त्यांच्यातलाच एखादा, पगार न बुडता, संघाच्या कामास जातो. कायदे करणाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडणे हे त्या संघाचे मोठेच काम आहे.

आपल्याकडे काय? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' कोणास म्हणावे हे सांगताना तुरुंगातील अधिकारी व नोकर यांस वगळले. 2020 च्या संहितेतही तेच. रजा हक्काने मागता येत नाही, असे राज्याचे 1981 चे रजा नियम सांगतात. मग ती सोबत्यास देणे दूरच. तुरुंग हा राज्याचा विषय. त्याचा कायदा मुंबई-नागपुरास होतो. रात्रभर पहारा करणारा मात्र दारातच उभा.

कोणी म्हणेल, शिपायाचे आम्हांस काय? अहो, हा शिपाई कोणाचा? बहुधा ज्याची जमीन पोटाला पुरत नाही त्या शेतकऱ्याचा, विणकराचा, मेंढपाळाचा मुलगा. आणि आत कोंडलेला? तोही बहुधा गरिबाघरचाच. 1951 च्या कायद्याने तुरुंगातल्या माणसास मत देता येत नाही. गजाच्या आतला मुका, बाहेरचाही मुका; मग बोलतो कोण? ज्याने तुरुंग आतून पाहिला नाही तो. इंग्रजांच्या 1894 च्या तुरुंग कायद्यावर शंभर वर्षांहून अधिक कारभार चालला, त्याचे एक कारण हेही असावे.

कष्टकरी बोलला तर काय होते, हे 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी दाखविले. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे केला. 24 एप्रिल 1890 च्या सभेत दोन बायकाही बोलल्या. त्याच साली 10 जूनला आठवड्याची सुटी पदरात पडली.

परंतु एक सावधगिरी हवी. 1994 साली कॅलिफोर्नियात दोन गंभीर गुन्ह्यांनंतर तिसऱ्यास पंचवीस वर्षे ते जन्मठेप असा कायदा झाला, तेव्हा त्याच शिपाई-संघाने त्यास पैशाचे पाठबळ दिले. ज्याची भाकरी तुरुंगावर, त्यास तुरुंग भरलेला बरा वाटू शकतो. म्हणून शिपायाशेजारी कैद्याच्या आईलाही बोलू द्या.

माझे मागणे थोडे आहे. शिपायाला सोबत्यांच्या रजेवर कायदे करणाऱ्यांपुढे जाता यावे, आणि खरे बोलल्याबद्दल त्याच्या नोकरीस आच लागू नये. मीही सरकारी पगाराचा माणूस. तोंड उघडण्याआधी मला नियम आठवतात. तुम्हांस ती आडकाठी नाही. आमदार मत मागावयास दारी येईल, तेव्हा हे त्यास तुम्हीच विचारा.