हृदयाच्या प्रतिमेचा हिशेब



न्यूक्लिअर मेडिसिन विभागाविषयी बोलण्याचे काम माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडे आले, कारण विषय खर्चाच्या एका मागणीचा आहे.

हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनचे रंगीत चित्र हे छायाचित्र नव्हे. टेक्नेशियम-९९एम जोडलेले औषध शिरेतून दिले की ते रक्तप्रवाहाच्या प्रमाणात हृदयाच्या स्नायूत साठते. तेथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा बहुधा १८० अंशांच्या कमानीत फिरून ६० किंवा ६४ ठिकाणांहून मोजतो. हाती येतात ते आकडे. त्यांवरून हृदयाची आकृती उभी करते ते गणित.

अशी पुनर्रचना शक्य असल्याचे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्ये दाखवून दिले. पुढे ‘फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन’ ही पद्धत अनेक वर्षे रूढ राहिली. ती झटपट आहे. परंतु मोजणी कमी पडली की चित्र दाणेदार होते आणि यकृतात वा आतड्यात औषध साठलेले असल्यास शेजारची हृदयाची खालची भिंत फिकट दिसू शकते. त्या फिकटपणाचा अर्थ अडलेला रक्तप्रवाह असा लावला गेला, तर धर्मादाय खाटेवरील रुग्णाला निष्कारण अँजिओग्राफीला सामोरे जावे लागते.

दुसरी पद्धत हिशेबनिसाच्या परिचयाची आहे. आधी हृदयाचा एक अंदाज धरायचा. तो खरा असता तर कॅमेऱ्याने कोणते आकडे नोंदले असते ते काढायचे. प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून अंदाज सुधारायचा आणि पुन्हा तेच. तेरीज जुळेपर्यंत आम्ही याहून वेगळे काय करतो? शेप आणि वार्डी यांनी १९८२ मध्ये या पद्धतीला संख्याशास्त्रीय बैठक दिली. हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये नोंदींचे गट पाडून तिचा वेग वाढवला. मात्र आमची तेरीज पै न पै जुळावी लागते. येथे फेऱ्या फार झाल्या की चित्रातील दाणेदारपणाच वाढतो. कोठे थांबावे, हे तज्ज्ञांनीच ठरवायचे.

कॅमेरा जसजसा दूर जातो तसतसे चित्र पुसट होते. हा पुसटपणाही नव्या संगणकप्रणाली हिशेबात धरतात. त्यामुळे निम्म्या वेळात अथवा निम्म्या मात्रेत वाचण्याजोगे चित्र मिळू शकते. दोन्ही सवलती एकदम घेता येत नाहीत. खांदे दुखत असताना हात डोक्यावर घेऊन पडून राहणाऱ्या वृद्धाला वेळ महत्त्वाचा, तरुण रुग्णाला मात्रा. शिवाय टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मे होते, साठवता येत नाही. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी बंद पडताच जगभर त्याची टंचाई झाली होती.

या प्रणालीने सर्व दोष जात नाहीत. स्तनामुळे वा श्वासपटलामुळे किरण अडल्यास त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते. रुग्णाला पालथे झोपवून पुन्हा चित्र घेणे हा बिनखर्चाचा उपायही अनेकदा उपयोगी पडतो.

नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, संगणकप्रणालीवर ती लावता येत नाही. तरीही विश्वस्तांनी आगामी अंदाजपत्रकात तिच्यासाठी, तसेच मूळ आकडे जतन करणाऱ्या साठवणुकीसाठी तरतूद करावी, अशी विनंती आहे. मूळ आकडे असतील तर जुन्या रुग्णाचा पूर्वीचा स्कॅनही नव्या पद्धतीने पुन्हा रचता येईल आणि दोन्ही चित्रे एकाच मापाने ताडून पाहता येतील.