रक्त साकळूं न देणारें औषध

भाजी चिरतांना बोट कापलें, तर आपण तें क्षणभर दाबून धरतों आणि पुन्हा कामास लागतों. तेवढ्या वेळांत रक्तामध्यें केवढी धांदल उडते! प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म चकत्या जखमेच्या तोंडाशीं येऊन एकमेकींना चिकटतात. मागाहून यकृतानें तयार केलेलीं प्रथिनें एकामागून एक जागीं होतात व त्या बुचावर तंतूंचें जाळें विणतात. हें कार्य झालें नाहीं तर रक्त वाहून प्राण जाईल. आणि नको तेथें, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनींत झालें, तरीहि जाईल. रक्तावरील औषधांचा सारा व्यवहार या दोहोंमधील चिंचोळ्या वाटेवरचा आहे.

त्यांपैकीं एका औषधाचा जन्म गोठ्यांतला आहे. १९२० नंतरच्या वर्षांत कॅनडा व उत्तर अमेरिकेंतील गुरें क्षुल्लक जखमेनेंहि रक्त वाहून मरूं लागलीं. त्यांनीं खाल्लें होतें तें मेथीच्या कुळांतील स्वीट क्लोव्हर नांवाचें, ओलसर राहून बुरसलेलें गवत. फेब्रुवारी १९३३ मध्यें विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी भर हिमवादळांत मॅडिसनच्या विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. बरोबर मेलेली कालवड, तें गवत आणि दुधाच्या कॅनमध्यें भरलेलें, न साकळलेलें रक्त! गवत बदला, यापलीकडे त्या दिवशीं त्याला फारसें कांहीं सांगतां आलें नाहीं. तें विष शुद्ध रूपानें हातीं येण्यास १९३९ साल उजाडलें. त्याचेंच भावंड वॉरफरिन, १९४८ मध्यें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें आणि १९५४ मध्यें मनुष्यांसाठीं मान्य झालें.

यकृताला तीं प्रथिनें सिद्ध करण्यास ‘के’ जीवनसत्त्व लागतें. एकदां वापरलेलें ‘के’ पुन्हा उपयोगांत आणण्याची वाट वॉरफरिन अडवितें. हृदयांत धातूची झडप बसविलेल्यांस तें जन्मभर घ्यावें लागतें. मात्रा थोडी चुकली तर औषधाचें पुन्हा विष होतें. म्हणून वरचेवर रक्त तपासून आय. एन. आर. हा आंकडा पाहतात. बहुतेकांस तो दोन ते तीनच्या दरम्यान हवा असतो, कांहींस थोडा अधिक. पालक-मेथींत ‘के’ विपुल असतें. तथापि त्या सोडण्याचें कारण नाहीं, रोजचें प्रमाण सारखें असलें म्हणजे झालें.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्याच गोळीनें. माझे एक वृद्ध आप्त वॉरफरिन घेत असत. गुडघे दुखूं लागले म्हणून त्यांनीं शेजारच्यांनीं दिलेल्या वेदनाशामक गोळ्या चार दिवस घेतल्या. पांचव्या दिवशीं शौचास डांबरासारखें काळें झालें. जठरांत रक्तस्राव होत होता. सुदैवानें ते वांचले. ‘साध्या दुखण्याची गोळी, ती काय सांगावयाची?’ असें ते मागाहून म्हणाले, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

अॅस्पिरिनची गोष्ट तशीच. तिचा स्पर्श झालेली प्लेटलेट उरलेल्या आयुष्यांत, म्हणजे सात ते दहा दिवस, नीट चिकटत नाहीं. हृदयरोग्यास हेंच उपकारक ठरतें. हिमोफिलिया असलेल्या मुलास मात्र तापासाठींहि अॅस्पिरिन देऊं नये. डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सुचवितात.

दांत काढावयाचा असेल तर आपण कोणतीं औषधें घेतों तें दंतवैद्यास आधीं सांगावें. परंतु रक्ताच्या भीतीनें आपण होऊन गोळी बंद करूं नये. झडपेवर गुठळी धरण्यास थोडे दिवसहि पुरतात.