ठेवीवर लक्ष कोणाचे?



व्यवसायाला शिस्त कोण लावते, बाजार की सरकार? भाजीबाजारात उत्तर सोपे आहे. भाजी शिळी निघाली, तर उद्या आपण दुसऱ्या गाडीवर जातो. नुकसान वीस रुपयांचे. ठेवीचे तसे नाही. फसवणूक कळते तेव्हा आयुष्यभराची बचत गेलेली असते.

२०१३ मध्ये पश्चिम बंगालमधील शारदा समूह कोसळला. बाजाराने शिक्षा केली, समूह बुडाला. पण ती शिक्षा भोगली लाखो लहान ठेवीदारांनी.

मग सरकारी नियम असले की निश्चिंत राहावे का? तेही नाही. १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद पडली. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. दोन्ही बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख होती.

मात्र अशा ठेचांमधूनच नियम सुधारले. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. विम्याचा हप्ता बँक भरते, तुम्ही नाही.

म्हणजे बाजार उशिरा जागा होतो आणि नियमाची नजरही कधी चुकते. म्हणून तिसरी नजर तुमची हवी. एवढे करा:

१. ठेव घेणाऱ्या संस्थेला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहा. एजंट नात्यातला असला तरी पाहा.

२. ५ लाखांची मर्यादा एका बँकेतील तुमच्या नावावरच्या सर्व शाखांमधील ठेवींना मिळून आहे, व्याज धरून. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही.

३. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

४. बँकेकडे तक्रार लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला शुल्क नाही.

जास्त व्याजाचे आमिष दिसले, की आधी एकच प्रश्न विचारा: “पैसे बुडाले, तर मी कोणाकडे दाद मागायची?” उत्तर मिळाले नाही, तर पैसे तिथे ठेवू नका.