पाळीआधीचे आठ दिवस

(भगिनी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून मागच्या बाकांवरचे काही बंधू उठावं की बसावं या विचारात दिसतात. कृपा करून बसा. तुमच्याही घरी पत्नी आहे, मुलगी आहे, सून आहे.

मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. डहाणूकडच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात नववीतली एक वारली मुलगी होती. अभ्यासात हुशार, कामाला पुढे. पण मधूनच तिचं बिनसायचं. जेवणाचं ताट सरकवायची, मैत्रिणींशी भांडायची, रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. तीन वेळा मी तिला समज दिली. चौथ्या वेळी वडिलांना बोलावून घेतलं. 'हिला घरी घेऊन जा' असं सांगायचं माझं ठरलं होतं.

वडील भातकापणी सोडून आले आणि ओसरीवर बसले. तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी हळूच मला म्हणाल्या, "ताई, पाळी आली की ती पोर आपोआप शांत होते. माझ्या कधीच लक्षात आलंय."

मी तक्रारींची वही काढली आणि सॅनिटरी पॅड वाटपाच्या वहीशी तारखा ताडून पाहिल्या. चारही भांडणं पॅड नेण्याच्या आधीच्या आठवड्यातली होती. दोन्ही वह्या माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरातल्या! ईशज्ञानाच्या डिप्लोमात मी माणसाच्या मनाविषयी पुष्कळ शिकले, पण हे मला स्वयंपाकघरातून शिकावं लागलं. वडिलांना चहा दिला, पोरीचं कौतुक केलं आणि त्यांना परत पाठवलं.

या त्रासाला प्री-मेन्स्ट्रुअल सिंड्रोम, थोडक्यात पीएमएस म्हणतात. हे आजकालचं फॅड नव्हे. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली त्यावर लिहिलं होतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर शरीरातली संप्रेरकं वर-खाली होतात आणि काही जणींच्या मेंदूला तो बदल जास्त जाणवतो. मग चिडचिड, रडू, उदासी, पोट फुगणं, छाती दुखणं, डोकेदुखी, झोप न लागणं, सारखं गोड खावंसं वाटणं. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत हे ओसरतं. हीच त्याची खूण. म्हणून दोन-तीन महिने तारखा लिहून ठेवा. वहीचं एक पान पुरे.

आता उपाय. डॉक्टर जे साधे उपाय आधी सुचवतात, त्यांत एरोबिक व्यायाम आहे. नावाला घाबरू नका. ज्या व्यायामात मोठे स्नायू एका लयीत हलत राहतात आणि श्वास व हृदयाचे ठोके वाढतात, तो एरोबिक. भरभर चालणं, सायकल, दोरीवरच्या उड्या, नाच. माप सोपं आहे: व्यायाम करताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. मोठ्यांनी आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास केला तरी पुरे. याने झोप सुधारते, मन हलकं होतं, अंगाचा जडपणा कमी होतो. या विषयावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत. तरी नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा त्रास कमी झाल्याचं त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत दिसलं. मात्र त्रासाच्या दिवसांपुरता नव्हे, महिनाभर करायला हवा, आणि फरक कळायला दोन-तीन महिने द्यायला हवेत.

आम्ही वसतिगृहात कवायत सुरू केली, तर मुली कंटाळल्या. मग त्यांनीच तारपा नाच सुचवला. हातात हात गुंफून गोल फिरायचं, पावलं कधी संथ, कधी जलद. तारपा वाजवणारा नसला तर मोबाईलवर लावायचा. वीस मिनिटांत सगळ्यांना घाम फुटतो. आजी-पणजीचा नाचच आमचा व्यायाम झाला.

इथे एक भगिनी विचारतील, "पाड्यावरच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम सांगता?" त्यांचं बरोबर आहे. डोक्यावर हंडा आणि लाकडाची मोळी घेऊन अर्धपोटी चालणं हा व्यायाम नव्हे, ती झीज आहे. अशा बाईला व्यायाम सांगू नका. तिचा एक हंडा तुम्ही उचला आणि तिला पोटभर जेवू द्या. व्यायामाचा सल्ला वसतिगृहातल्या मुलींना आहे, आणि तुम्हा-आम्हा खुर्चीत बसणाऱ्यांना.

दुसरी सावधगिरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलही आहे. म्हणून आधी रक्त तपासा. सिकलसेल असलेल्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळवू नका, तिला तहानलेली ठेवू नका. आणि दर महिन्याला कुणाला जगणं नकोसं होत असेल, तर नाचावर किंवा नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिचं चिडणं पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, पण कमी झालंय. परवा ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "ताई, माझे दिवस जवळ आलेत. आज जरा सांभाळून घ्या." मी म्हटलं, "बाळा, माझेही आलेत. चल, फेरी मारून येऊ." आम्ही दोघी ओढ्यापर्यंत भरभर चालत गेलो आणि आलो.

तेवढंच मागणं तुमच्याकडे आहे. घरातली मुलगी चिडली तर आधी तारीख बघा, मग तिच्यासोबत चालायला निघा. देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.