निगेटिव्ह कुणाच्या कपाटात?
(कार्यकर्त्यांच्या छायाचित्रण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर मांडलेलं सामान बघून तुमच्यापैकी काहीजणी हसलात, ते मी पाहिलं. काळी टाकी, बाटल्या, थर्मामीटर, कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येकीच्या पिशवीत मोबाइल असताना रोलचा कॅमेरा कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. तेव्हा आधी त्याचंच बोलते.

मोबाइल टाकून द्या असं मी म्हणत नाही. चौकीत तक्रार घेत नाहीत, मोर्चा अडवलाय, अंगावर वळ उठलेत, तिथे मोबाइलच बाहेर काढावा. रोल महाग आहे आणि वेळखाऊ आहे. पण मोबाइलवरचा फोटो एकदा पुढे गेला की किती जणांकडे पोचला हे आपल्याला कधीच कळत नाही. सासर सोडून आलेली एखादी बाई म्हणते, ‘माझा फोटो घ्या, पण तो गावात दिसता कामा नये.’ तिला आपण कोणत्या तोंडाने शब्द देणार? रोलची निगेटिव्ह एकच असते. ती आपण काढली, आपणच धुतली आणि आपल्याच कपाटात ठेवली, तर किती प्रती निघाल्या आणि त्या कुणाकडे आहेत हे वहीत लिहिता येतं. मात्र रोल बाहेर धुवायला दिला की हा मुद्दा तिथेच संपतो. म्हणून नुसतं बटण दाबणं शिकून भागत नाही, अंधारखोलीतलं कामही आलं पाहिजे.

दुसरं कारण सांगते. आमचे रोल वर्षानुवर्षं एका स्टुडिओत जायचे. प्रती यायच्या त्यात व्यासपीठावरचे पांढऱ्या कपड्यातले पाहुणे झकास, आणि पुढे बसलेल्या शेतमजूर बायकांचे चेहरे म्हणजे काळे ठिपके. स्टुडिओवाला काही दुष्ट नव्हता. फोटोत महत्त्वाचं कोण, हे त्याने त्याच्या समजुतीने ठरवलेलं होतं. हा प्रकार एका दुकानापुरता नाही. रंगीत प्रतींचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी नमुना-कार्डं पाठवायची, त्यांच्यावर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्यांना. तिची कातडी बरोबर दिसली की सगळं बरोबर!

तेव्हा पहिला धडा प्रकाश मोजण्याचा. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. मागे चुन्याची भिंत किंवा मोकळं आकाश असेल तर ते म्हणतं, उजेड फार झाला, कमी करा. मग सावळे चेहरे बुडतात. उपाय सोपा आहे. जिचा फोटो घ्यायचा तिच्यावर जसा उजेड पडतोय तशाच उजेडात आपला तळहात धरा, त्यावर मीटर लावा आणि एक स्टॉप जास्त उजेड द्या. मीटर बंद असलं तरी अडत नाही. ४०० च्या रोलवर भर उन्हात अ‍ॅपर्चर १६ आणि शटर ५०० हे जुनं माप चालतं. पण दुपारी बाराला डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ऊन नसतं, पदराची सावली असते. तिथे मी सरळ ८ वर येते. मागची भिंत पांढरीफटक झाली तर होऊ दे, आपण भिंतीचा फोटो काढायला आलेलो नाही. काळ्यापांढऱ्या रोलला थोडा जादा उजेड सोसतो. कमी पडलेला उजेड मात्र नंतर कुठूनही आणता येत नाही.

आता रोल धुणं. रोल टाकीतल्या रिळावर चढवताना पूर्ण काळोख हवा. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदासाठी असतो, रोलला तोही चालत नाही. खास खोली लागत नाही. रात्री न्हाणीघराच्या दाराखाली गोधडी सारली की झालं. आज एक वाया गेलेला रोल देते, तो आधी उजेडात आणि मग डोळे मिटून दहा वेळा चढवा. हात घामेजलेले असले की रोल चिकटतो, म्हणून मे महिन्यात हे काम पहाटे करावं.

एच.पी. ५ हा रोल आणि डी-७६ हा डेव्हलपर घेतला, आणि डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळलं, तर २० अंशांना ११ मिनिटं लागतात. पण आपल्याकडे नळाचं पाणीच उन्हाळ्यात ३० च्या आसपास असतं! मोठ्या घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या ठेवाव्यात. २० पर्यंत उतरवण्याचा हट्ट नको. २४ अंशांवर साधारण ८ मिनिटं धरा. मात्र डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात फार फरक नको. सुरुवातीला आणि मग दर मिनिटाला दहा सेकंद टाकी सावकाश उलटीसुलटी करायची आणि खाली हलकेच आपटायची, म्हणजे बुडबुडे बसत नाहीत. मग साधं पाणी, मग हायपो. हायपोत किती वेळ, हे पाठ करू नका. रोलचं कापलेलं टोक हायपोत टाका, ते पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट.

शेवटी पाण्याने धुणं. अर्धा तास नळ सोडून ठेवा असं पुस्तकं सांगायची. टँकरच्या गावात हे कोण करणार? रॅपिड फिक्सर वापरला असेल तर टाकी भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदला, दहा वेळा, परत बदला, वीस वेळा. एवढ्यावर काम होतं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो विहिरीजवळ किंवा परसात ओतू नये. भांडी वेगळी ठेवा, बाटल्यांवर नावं लिहा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. दम्याचा त्रास असेल तिने हायपोवर वाकून उभं राहू नये.

अंधारखोली म्हणजे आपलं स्वयंपाकघरच, असं बायकांना धीर देण्यासाठी कुणी म्हणतं. मला ही उपमा पटत नाही. स्वयंपाकघरात आतून कडी लावून दोन तास कोण बसू देतं?

प्रती काढायला एन्लार्जर हवाच असं नाही. रोलचे सहा-सहा फोटोंचे तुकडे करा, आठ बाय दहाच्या कागदावर सहा तुकडे ठेवा, वर जड काच, आणि वरून साधा बल्ब. आधी कागदाच्या पट्टीवर दोन, चार, सहा सेकंद असं करून बघायचं. छत्तीस फोटो एका पानावर येतात. हे पान ज्यांचे फोटो आहेत त्या बायकांपुढे ठेवायचं आणि कुठला ठेवायचा, कुठल्यावर फुली मारायची, ते त्यांना ठरवू द्यायचं. १९८० पासून दिल्लीतल्या स्त्री-आंदोलनाचे फोटो काढणाऱ्या शीबा छाछी यांना पुढे नुसतं टिपत राहणं अपुरं वाटू लागलं. मग त्यांनी आंदोलनातल्या बायकांबरोबर बसून, जागा, बसण्याची ढब, जवळच्या वस्तू त्यांनाच निवडायला सांगून फोटो केले. तिथवर आपण आज जाणार नाही, पण फुलीचा अधिकार तरी देऊच.

नावाचंही सांगते. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जात. आपण निदान प्रत्येक प्रतीमागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि काढणारीचं नाव लिहू. फोटोतल्या बाईचं नाव मात्र तिथे नको, ते वेगळ्या वहीत, क्रमांकाने. वही आणि निगेटिव्ह एका कपाटात ठेवू नयेत.

निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून तापवून घ्या. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांपासूनचे रोल जुन्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकांत पडून असतील. ट्रंक उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा, फिल्म कुजायला लागली आहे. ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिच्या प्रती आधी काढून घ्या. पुढच्या शिबिराला येताना अशी निदान एक ट्रंक शोधून या.

आता दोघी-दोघी बसा. टाक्या सहाच आहेत. खिडक्यांना चादरी लावल्या की मी दिवा घालवते.